कानाच्या पाळीएवढी मऊ

आधी माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरात कोणी केलेलं काम नाही. आमच्याकडे लिहायचं म्हणजे सही करायची, आणि आजोबांच्या वेळी तर तिथेही अंगठाच होता. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिला. त्यामुळे याला सगळंच लिहिता येतं, असा गावाकडे समज आहे. तो खरा नाही. व्यक्तिचित्र लिहायला एक तर माणूस मोठा लागतो, नाहीतर लिहिणारा. इथे दोन्हींची पंचाईत आहे. पण ज्या माणसाने माझा कान इतक्या वेळा हातात धरला, त्याच्याबद्दल गप्प बसणंही जमत नाही.

मी प्रताप नगरात खोली बघायला आलो, तो दिवस सांगतो. फाटक ढकललं. अंगणात एक उंच, काटकुळे गृहस्थ स्टुलावर बसले होते. पुढ्यात कढई, हात पिठात. मी नमस्कार केला. ते उठले, माझ्याजवळ आले आणि नाव-गाव काही न विचारता माझ्या डाव्या कानाची पाळी त्यांनी दोन बोटांत धरली. दुसऱ्या हातात पिठाचा एक गोळा होता. डोळे मिटून ते एकदा पाळी दाबत, एकदा गोळा.

"थोडी कडकच आहे," ते म्हणाले.

"माझा कान?" मी घाबरून विचारलं.

"कान उत्तम आहे गा. कणीक कडक आहे. नाव काय तुझं?"

आतून काकूंचा आवाज आला, "ओ, त्या पोट्ट्याले आधी पाणी तं पिऊ द्या! खोली पाहाले आला तो, कान द्याले नाही आला!"

हे गजभिये काका. एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घरात ते आणि काकू, दोघंच. मूलबाळ नाही. वरची खोली मला मिळाली. मागच्या खोलीत संगीताताई, त्यांचे मिस्टर आणि चार वर्षांची गुनगुन राहायची. मिस्टर कळमन्याच्या बाजारात टेम्पो चालवत.

हा कणकेचा कारभार सगळा गुनगुनसाठी होता. तिच्या डाव्या हाताची मूठ जन्मापासून मिटलेली. अंगठा आत, चार बोटं त्याच्यावर घट्ट. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज काहीतरी मऊ दाबायला द्या, बोटं हळूहळू सैल होतील. दिवाळीनंतर पाहू. तोवर उघडली नाही, तर ऑपरेशन. व्यायाम म्हटला की ती पोरगी अशी रडायची की समोरचा इस्त्रीवाला धावत यायचा. बाजारातली रंगीत क्ले आणून दिली, तर ती तिच्या बोटांना कडक लागायची. पोळ्या करताना आई मुलाला कणकेचा गोळा देतेच, तसा संगीताताईंनी दिला. तो तेवढा तिने मुठीत राहू दिला. पण संध्याकाळपर्यंत तो आंबून चिकट व्हायचा.

काकांनी हे पाहिलं आणि 'विषय हाती घेतला'. हे त्यांचेच शब्द. नोकरी सुटली तरी कचेरीची भाषा त्यांना सुटली नव्हती. भाजी खारट झाली तर 'त्रुटी दूर करून फेरसादर करा' म्हणत. काकूही मग दुसऱ्या दिवशी तीच भाजी गरम करून वाढत.

मैदा, मीठ, तेल, लिंबाचा रस आणि पाणी. एवढं कढईत घालून मंद आचेवर घोटायचं, कडा सोडू लागलं की उतरवून मळायचं. कृती कोणीतरी मोबाइलवर दाखवली होती. सोपी वाटते. पण काकांनी जन्मात कधी चहाही केलेला नव्हता. पहिला घाणा कढईलाच चिकटला. दुसऱ्याचे तुकडे पडले. तिसरा इतका सैल झाला की काकू म्हणाल्या, "हे तं मले भिंतीले लावाले चालते."

"नामंजूर," काका म्हणाले आणि पुन्हा पीठ चाळायला बसले.

कानाची पाळी हे मऊपणाचं माप त्यांनी काकूंकडूनच उचललं. कणीक कानाच्या पाळीएवढी मऊ हवी, असं काकूंची आई सांगायची. स्वतःचे कान त्यांना चालेनात. "माहे कान रिटायर झाले," म्हणत. काकू कर्णफुलं घालत, त्यामुळे तिथे 'अडथळा' होता. मग दूधवाला, मीटर पाहायला आलेला माणूस, कोणीही. लोक रस्ता बदलू लागले. शेवटी मी आलो आणि माझ्या डाव्या कानाची त्या जागी नेमणूक झाली. "मऊपणा हा सोपा विषय नाही गा," मला चिमटीत धरून ते सांगत. "कडक तं कोणीही होते."

रंगाचा विषय त्याहून अवघड. हळदीची कणीक झाली, बिटाची झाली, पालकाचीही झाली. पालकाची गुनगुनने हुंगली आणि परत दिली.

"निळी पायजे," ती म्हणाली.

झालं. निळा रंग स्वयंपाकघरात कुठून आणायचा? काकूंनी गोकर्णाची फुलं सुचवली. तेव्हापासून काका रोज सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडू लागले. लोकांच्या कंपाउंडवरून बाहेर लोंबणारा गोकर्णाचा वेल ते हलक्या हाताने रिकामा करत. पूजेसाठी फुलं तोडणाऱ्या आजीबाई त्याच वेळी त्याच वेलाशी येत. एक दिवस त्यांनी अडवलंच.

"गजभिये, तुमच्या घरी तं देवपूजा नाही. काहून फुलं तोडून राहिले तुम्ही?"

"कणकेत घालाले, आजी."

आजीबाईंनी हात जोडले. काकांना की देवाला, ते कळलं नाही.

फुलं उकळली, पाणी सुंदर निळं निघालं. काकांनी त्यात लिंबू पिळलं आणि पाहता पाहता सगळं जांभळं झालं. ते कढईकडे बघतच राहिले. "मी निळ्याचा अर्ज केला होता गा," ते म्हणाले, "जांभळा मंजूर होऊन आला." गुनगुनने तो गोळा अंगणात भिरकावला. उजव्या हाताने. मग काकांनी लिंबू सोडलं, तेल वाढवलं, घोटणं वाढवलं. आणि एके दिवशी माझा कान धरून ते इतका वेळ उभे राहिले की मला शंका आली. मग म्हणाले, "फरक सापडत नाही."

निळा गोळा गुनगुनच्या मुठीत बसला. ती उजव्या हाताने मूठ बाहेरून दाबायची, गोळा बोटांच्या फटीतून वर यायचा आणि ती खदखदून हसायची. मूठ मात्र मिटलेलीच राहायची. काका समोर उकिडवे बसून पाहत असायचे. त्यांची स्वतःची डावी मूठ आपोआप उघडायची, मिटायची. हे त्यांना माहीत नसावं.

आता रोडग्यांचा प्रकार सांगायलाच हवा. मैद्यापेक्षा गहू बरा, असं मधल्या काळात काकांच्या मनाने घेतलं होतं. त्याच सुमारास एका रविवारी बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर रोडग्याचा बेत ठरला. काकूंचे भाऊ मुद्दाम इतवारीहून आले. त्यांचं तिथे भांड्यांचं दुकान, आणि रोडगे भाजण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असा त्यांचा दावा. ओट्यावर ओल्या फडक्याखाली दोन पराती होत्या. एक काकूंची, एक काकांची. भाऊंनी कोणाला न विचारता एक उचलली, गोळे वळले आणि गोवऱ्यांच्या आरात घातले.

पंगत बसली. वांग्याची भाजी वाढली, रोडगे फोडले, तूप सोडलं. पहिला घास गेला आणि सगळ्यांचे हात ताटातच थांबले.

"भाऊजी," काकूंचे भाऊ पाण्याचा तांब्या शोधत म्हणाले, "मिठाचा टेम्पो पलटी झाला काय गा याच्यात?"

पोरांनी एक घास खाल्ला तर दुसरा खाऊ नये, म्हणून काका कणकेत मूठ-मूठ मीठ घालत. ते सगळं पंगतीत आलं होतं. काकू कपाळाला हात लावून बसल्या. काकांनी मात्र पानातला रोडगा उचलला, उलटसुलट केला, ठोकून पाहिला.

"तडकला नाही!" ते आनंदाने ओरडले. "पाहा बरं, बोटाचा ठसा हाये तसाच राहिला!"

"तुमच्या ठशाले आग लागो!" काकू म्हणाल्या. "लोक उपाशी बसून राहिले इथं!"

त्या दिवशी आम्ही भाजी-भात खाल्ला. शेजारच्या कुत्र्याने रोडगा हुंगून पुरून टाकला. भाऊंच्या बोटांचा ठसा असलेला एक रोडगा संगीताताईंनी हसत हसत गुनगुनला खेळायला नेला.

पुढे पावसाळ्यात संगीताताईंच्या मिस्टरांना चंद्रपूरला काम मिळालं आणि ते बिऱ्हाड हललं. गुनगुन जाताना उजव्या हाताने टाटा करत होती. काका फाटकात उभे होते. टेम्पो वळल्यावर म्हणाले, "बदली झाली," आणि आत गेले.

मला वाटलं, आता माझा कान सुटला. पण कढई चुलीवर चढतच राहिली. निळी कणीक ओल्या फडक्यात, मग स्टीलच्या डब्यात, आणि डबा चंद्रपूरच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे. रिकामा डबा त्याच गाडीने परत यायचा. एकदा त्यात चिवडा आला. काकांनी तो खाल्ला नाही, तळाशी कणीक उरली आहे का ते पाहिलं.

मी म्हणायचो, "काका, फोन करून विचारा ना, मूठ उघडली का."

"नाही गा," ते म्हणत. "स्मरणपत्र पाठवलं का फाईल आणखी खाली जाते. बत्तीस वर्षं पाहिलं मी."

काकूंनी मला नंतर एकटं गाठून सांगितलं, "त्याईले भेव वाटते, बाप्पा. संगीता ऑपरेशन ठरलं म्हणली तं काय करतीन? म्हणून नाही करत फोन. तूबी नको करू."

मी केला नाही.

दिवाळी आली, गेली. डॉक्टरांनी सांगितलेली वेळ उलटली. नेमका तेव्हाच डबा परत येईनासा झाला. काकांनी दुसरा डबा घेतला, तोही गेला. तोही आला नाही. काका अंगणात बसायचे, पण पीठ मळायचे नाहीत. माझ्या कानाकडे बघायचे आणि मान वळवायचे. मला तो कान उगाचच जड वाटायला लागला होता.

मग एका सकाळी ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर स्वतः फाटकाशी आला. हातात डबा होता, वर जुन्या साडीचं फडकं गुंडाळलेलं.

"काका, सांभाळून उघडा. फोडू नका म्हणे त्या बाई. दोन हप्ते सावलीत वाळवलं, म्हणून उशीर झाला म्हणे."

काकांनी फडकं सोडलं, झाकण काढलं. आत निळ्या कणकेची एक जाड भाकरी होती. वाळून खडखडीत झालेली, कुठेही न तडकलेली. तिच्यावर एका लहान हाताचा ठसा होता. पूर्ण तळवा. चार बोटं, करंगळी जराशी वाकडी, आणि अंगठा बाजूला लांब, एकटा.

काकांनी त्या ठशावर आधी स्वतःचा उजवा हात धरला. अंगठा उलट्या बाजूला आला. मग डावा धरला. तो बसला.

"काय ओ," काकूंनी मागून विचारलं, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, "मंजूर का नामंजूर?"

 काकांनी हात लांब करून माझ्या कानाची पाळी धरली. दुसऱ्या हातात कणीक नव्हती. तरी ते ती धरून उभे राहिले, आणि मीही हललो नाही.

"पोरीनं स्वतः दाबलं म्हणे," ड्रायव्हर सांगत होता. "ऑपरेशन नाही लागत म्हणे."