चार तास चाळीस मिनिटं

भिंगरीच्या जन्माला एकतीस तास लागले होते, आणि ते तास तिची आई गेली अडीच वर्षं पुरवून पुरवून वापरत होती. भिंगरीला अंघोळ कोणी घालायची, पोर भिंतीवर रेघोट्या ओढते ती कोणाच्या लाडाने, सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत कोणी झोपायचं, असा कुठलाही वाद निघाला की ती शिलाई मशीन थांबवून म्हणे, "एकतीस तास. तुम्ही काढून बघा." नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, पण या आकड्यापुढे त्याचं काही चालत नसे. सासूबाई तेवढ्या नाक मुरडत. "आम्हाला नाही बाई इतका वेळ लागला," एवढं बोलून त्या भिंगरीमागे धावत.

बालवाडीचा फॉर्म आला आणि घात झाला. 'जन्माच्या वेळी काही अडचण?' या रकान्यासाठी आई तोंडी मजकूर सांगू लागली, पण घड्याळजीला मिनिटांशिवाय चैन पडेना. त्याने कपाटातून प्रसूतीची फाईल काढली. घरी आणल्यापासून ती कोणी उघडलीच नव्हती. आईला सगळं तोंडपाठ असताना उघडायची कशाला?

"दाखल, सकाळी दहा. जन्म, दुपारी दोन चाळीस," त्याने वाचलं. मग डोळ्याला भिंग लावून पुन्हा वाचलं. "अगं, ही तर चार तास चाळीस मिनिटं झाली."

आईचा पाय मशीनवरच थिजला. फाईल ओढून घेत ती म्हणाली, "ही माझी नाहीच."

"वर नाव तुझंच आहे."

"असू दे. आतले कागद दुसरीचे आहेत. वजन बघा, सव्वादोन किलो लिहिलंय. आपली साडेतीन होती."

त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. "कागद दुसरीचे. मग पोर कोणाची?"

तिघांनी भिंगरीकडे पाहिलं. ती टेबलाखाली बसून गोंदाची बाटली चाटत होती. "हिचं नाक आपल्यात कोणासारखं आहे गं?" नवऱ्याने हळूच विचारलं, आणि आईने चपला पायात सरकवल्या.

तासाभरात सगळं कुटुंब रुग्णालयाच्या रेकॉर्डच्या खिडकीशी उभं होतं. कारकूनबाईंनी फाईल चाळली आणि चष्मा वर केला. "कागद तुमचे नाहीत म्हणता? मग बाळाचीही चौकशी लावावी लागेल. रक्त तपासू, त्या दिवशीच्या सगळ्या बाळंतिणींना बोलावू. नाहीतर कागद बरोबर आहेत म्हणून इथे सही करा. विषय मिटला."

आईने भिंगरीला इतकं घट्ट धरलं की पोर किंचाळली. चौकशी म्हणजे कोणीतरी बाई येणार आणि हिच्यावर बोट ठेवणार. अडीच वर्षांत पहिल्यांदाच तिला ते तास नकोसे झाले.

"कागद माझेच आहेत," ती म्हणाली. "चार तास चाळीस मिनिटं. मीच वाढवून सांगायचे. पेन द्या."

अडीच वर्षं ज्या कबुलीसाठी घड्याळजी झुरत होता ती समोर आली, आणि त्याला मुळीच आनंद होईना.

तेवढ्यात सासूबाईंनी सुनेच्या हातातलं पेन काढून घेतलं. "सही करू नकोस," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या. "हे बघा बाई, पोर जन्मली ती निळी पडलेली, रडेना. तुमच्या नर्सबाईंनी थोपटून रडवली आणि माझ्या हातात दिली. घरी जाईपर्यंत मी तिला खाली ठेवलं नाही. कानामागचा हा डाग तेव्हाच पाहिला. पोर आमचीच आहे. चुकलेत ते तुमचे कागद. ते शोधा."

"आणि तासांचं काय लिहू, आजी?"

"ते मी मोजलेत. बाहेरच्या बाकावर बसून. आत ही ओरडायची आणि बाहेर मी घड्याळाकडे बघायची. हिने ती गोष्ट काढली की अजून माझा जीव घाबरा होतो, म्हणून मी ऐकत नाही."

सुनेला हुंदका आवरेना. नाक मुरडणाऱ्या या बाईने बाकावर बसून एकेक तास मोजला होता, आणि कधी चकार शब्द काढला नव्हता. "आई," ती कशीबशी म्हणाली, "म्हणजे तुम्हाला एकतीस तास..."

"एकोणतीस," सासूबाई म्हणाल्या. "वरचे दोन तू पदरचे घातलेस."