उलटा कूलर

प्रभाकररावांच्या सुनेनं, आकांक्षानं, मातीची भांडी भाजायची विजेची भट्टी घराच्या मागच्या खोलीत आणली, तेव्हा सगळ्यात जास्त खूश झाले ते प्रभाकररावच. वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून घरातलं एकही यंत्र त्यांना विचारून बिघडत नव्हतं. आता टेस्टर पुन्हा त्यांच्या खिशाला लागला.

पण पहिल्याच भाजणीत कच्च्या मातीचा असा उग्र वास सुटला, की तो स्वयंपाकघरातून थेट देवघरात पोहोचला. त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंनी नाकाला पदर लावून निकाल दिला, "आणखी एकदा हा वास घरात आला, त भट्टी घराच्या बाहेर!"

आकांक्षाचा चेहरा उतरला. केळझरच्या एका दुकानदारानं तिला नुकतीच पणत्यांची पहिली ऑर्डर दिली होती. ती म्हणाली, "बाबा, पत्र्यातून वर एक पाइप काढू ना. त्याले पंखा लावला का वास छपराच्या वरून जाईल."

"पाइप कायले? मी बसलो ना इथं!"

हिंगणघाटच्या उन्हाळ्यात एक कूलर चालू असतो आणि एक जुना माळ्यावर असतो. प्रभाकररावांनी माळ्यावरचा उतरवला, त्यातलं गवत काढलं आणि तो मागच्या खिडकीत उलटा बसवला. पाठ आत, तोंड बाहेर. खोलीतली हवा ओढायची आणि बोळीत फेकायची.

पुढच्या भाजणीला घरात वासाचा मागमूस नव्हता. कौशल्याबाई दोनदा हुंगून गेल्या आणि काही न बोलता परतल्या. लग्नानंतर एवढं कौतुक प्रभाकररावांच्या वाट्याला आलं नव्हतं. ते मोहल्लाभर सांगत फिरले, "वास बाहेर फेकाचा असंन त कूलर उलटा लावाचा! सोपी गोष्ट हाये."

बोळीच्या पलीकडे सदाशिवराव राहत. बोळ एवढी अरुंद, की दोन्हीकडच्या फोडण्या एकमेकींना ओळखत. सदाशिवरावांचा कूलर बोळीतलीच हवा ओढून त्यांच्या बैठकीत सोडत होता. दुपारी ते घामाघूम होऊन आले.

"प्रभाकरराव, कूलर जळून राह्यला ना माहा! चालू केला का जळका वास, बंद केला का वास गायब!"

वास कुठून येतो, हे प्रभाकररावांना लगेच कळलं. खरं सांगावं, तर ते कौशल्याबाईंच्या कानावर जाणार आणि भट्टीबरोबर आपली अब्रूही उचलली जाणार. त्यांनी सदाशिवरावांचा कूलर उघडला, मोटरीला टेस्टर लावला, बराच वेळ मान हलवली आणि एका निरपराध मोटरीवर खोटा आळ घेतला.

"मोटर गेली."

"तरीच! मंग तुमचा तो मागचा कूलर द्या ना. या उन्हात माणूस जगंन कसा?"

नाही म्हणायला तोंड नव्हतं. प्रभाकररावांच्या देखत त्यांचा कूलर बोळ ओलांडून गेला आणि सदाशिवरावांच्या खिडकीत सुलटा बसला.

इकडे दुकानदार पणत्यांसाठी घाई करत होता. आकांक्षानं खिडकी सताड उघडून भट्टी लावली. थोड्याच वेळात सदाशिवरावांचा फोन आला.

"प्रभाकरराव, तुमच्या कूलरले तुमच्या भट्टीचा वास लागला हाये. पण काळजी नका करू. इलाज मले माहीत हाये. तुम्हीच त सांगतला!"

कोणता इलाज, हे प्रभाकररावांच्या डोक्यात शिरेपर्यंत उशीर झाला. ते खिडकीकडे धावले. बोळीपलीकडून त्यांचाच कूलर आता त्यांच्याकडे तोंड करून भरधाव फिरत होता. भट्टीचा सगळा वास घेऊन वारा खोलीतून स्वयंपाकघरात आणि तिथून देवघरात शिरला.

"अहो!"

कौशल्याबाई दारात उभ्या होत्या. आकांक्षा भट्टीच्या पुढे आडवी येऊन उभी राहिली. प्रभाकररावांना सुनेकडे बघवेना. त्यांनी बोळ, मोटर, टेस्टर, सगळं एका दमात कबूल केलं.

कौशल्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बोलली म्हणजे बोलली मी. बाहेर त कोणी जाईलच. पण भट्टी नाई. पोरगी पहिल्याच दिवशी पाइप म्हणत होती. आकांक्षा, पत्रेवाल्याले फोन लाव. अन् तुम्ही तो टेस्टर इकडं द्या, अन् बसा जाऊन बाहेर."

प्रभाकरराव बोळीतल्या ओट्यावर जाऊन बसले. खिसा हलका लागत होता. समोरच्या खिडकीतून, कूलरच्या बाजूनं, सदाशिवरावांनी डोकं बाहेर काढलं.

"मानलं तुमाले, प्रभाकरराव! घरात वासाचं नाव नाई. तुम्हीबी एक असाच लावून घ्या ना तुमच्या घरी!"