विनाआदेश रांगेत उभे राहिलेले इलेक्ट्रॉन

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन वीस वर्षे होत आली होती, त्या उन्हाळ्यात रेणू सोनकुसरे हिने आपल्या महाविद्यालयाकडे दहा लिटर द्रवरूप नायट्रोजन मागितला. रेणू आंधळगावच्या विणकराची मुलगी. महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवीत असे. अर्जावर संशोधनाचा विषय लिहिणे बंधनकारक होते. तिने तो खरा लिहिला : 'उच्च तापमान अतिवाहकांतील इलेक्ट्रॉनिक ऑर्डरिंग व तिचे परिणाम'. तिची चूक म्हणायची तर एवढीच.

भांडारपाल गोपीचंद यांनी अर्ज आठवडाभर वाचला. विषयात तापमान उच्च आणि मागणीत उणे एकशे शहाण्णव अंश, ही विसंगती त्यांच्या नजरेतून सुटली नाही. विनाअडथळा वीज वाहून नेणारे जुने पदार्थ याहूनही कितीतरी थंड ठेवावे लागत, त्या मानाने हे उच्च, असे रेणूने सांगितले. गोपीचंदांनी ते आदराने ऐकले आणि शेरा मारला : 'जिल्ह्यात सेहेचाळीस अंश तापमान नैसर्गिकरीत्या उपलब्ध असल्याने खरेदीची आवश्यकता दिसत नाही.'

"मॅडम, जे अंगणात पडून हाय, ते कायले मागवता?" त्यांनी विचारले.

तो कागद पुढे प्राचार्यांकडे गेला. सर्व खरेदी ऑनलाइन करावी, असे परिपत्रक नुकतेच आले होते आणि महाविद्यालयात त्यातला जाणकार कोणी नव्हता. 'इलेक्ट्रॉनिक ऑर्डरिंग'वर चक्क संशोधन करणारी व्यक्ती घरातच आहे, हे पाहून प्राचार्यांना भरून आले. रेणूची नोडल अधिकारी म्हणून नेमणूक झाली. पुढचे तीन आठवडे तिने संगणकावरून खडू, डस्टर आणि फिनेल मागवले.

अखेर तिने खुलासा सादर केला. आपला विषय खरेदीचा नाही. तांबे असलेल्या एका काळ्या वडीत इलेक्ट्रॉन आपणहून ओळी धरतात, लुगड्याच्या पट्ट्यांसारखे, आणि असे पट्टे पडले की विनाअडथळा वाहणारा प्रवाह दुबळा होतो. खुलाशावर पाच जणांची समिती बसली. इलेक्ट्रॉनांना ओळीत उभे राहण्याचा आदेश कोणी दिला, हा पहिला प्रश्न. कोणीच नाही, असे रेणूने सांगताच सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेविना झालेली ही कार्यवाही इतिवृत्तात नोंदवण्यात आली. प्राचार्यांना मात्र दुसरेच लागले होते.

"रांग लावली की काम अडते, असे सरकारी कागदावर लिहून देऊ नका, मॅडम," ते म्हणाले.

'परिणाम' या रकान्यात समितीने 'समाधानकारक' लिहिले. परिणाम समाधानकारक निघाल्यामुळे पाहणीसाठी वरून निरीक्षक येणार, असे पत्र आले. वडी थंड केली की तिच्यावर चुंबक अधांतरी तरंगते, ते त्यांना दाखवायचे होते. नायट्रोजनशिवाय ते तरंगणार नाही, असे रेणूने लेखी कळवले. थंडीअभावी पाहणी पुढे ढकलता येणार नाही, असे प्राचार्यांनी लेखी उत्तर दिले.

पाहणीच्या दिवशी ती प्रयोगशाळेत शिरली, तर चुंबक वडीवर चार बोटे उंच तरंगत होते. शेजारी गोपीचंद नम्रपणे उभे होते. रेणू विणकराघरची, कोशाच्या रेशमाचा एकेरी धागा तिला दारातूनच दिसला. दोन वर्षे भट्टीपुढे उभी राहून तिने ती वडी भाजली होती.

"साहेब, वर धागा बांधला आहे," ती निरीक्षकांना म्हणाली.

निरीक्षकांनी चष्मा पुसला. "दिसतो आहे, मॅडम. पण धागा भांडारनोंदीत आहे. तुमचा नायट्रोजन नाही."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला : 'भर उन्हात तरंगले चुंबक'. पंधरवड्याने अहवालही आला. सेहेचाळीस अंश हे जिल्ह्याचे नेहमीचेच तापमान असल्याने त्यास 'उच्च' म्हणता येत नाही. सबब प्रकल्प बंद.

रेणू दोन वड्या, एक साधी आणि एक पट्टे पडणारी, पिशवीत घालून करडी गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात गेली. गाईंना भरवायचे वळूचे वीर्य तिथे द्रवरूप नायट्रोजनमध्येच ठेवतात, हे तिला बाबांकडून कळले होते. सोबत बाबा, सेवकराम, आले होते. परिचर चिंधूने विषय विचारला नाही, अर्जही मागितला नाही.

"किती पायजे, बाई?" म्हणत त्याने थर्मास भरून दिला.

ओसरीवर गाई घेऊन आलेल्या माणसांसमोर तिने पहिली वडी थाळीत ठेवून नायट्रोजन ओतला. पांढरी वाफ उसळली. चुंबक थरथरले आणि बोटभर वर उचलले गेले. इलेक्ट्रॉनांचे पट्टे पडलेल्या दुसऱ्या वडीवर मात्र ते दगडासारखे पडून राहिले. नेमके हेच तिला दोन वर्षे पाहायचे होते. सेवकरामांनी चुंबकाच्या चहूबाजूंनी कागद फिरवून पाहिला, मग तो तसाच हातात धरून खाली बसले.

"खरंच धागा नाही, पोरी," ते हळूच म्हणाले.

गाईचा कासरा धरून उभ्या असलेल्या पार्वताबाईंनीही सगळे लक्ष देऊन पाहिले होते. "बरं हाय," त्या म्हणाल्या, "पण कालेजातलं याच्याहून वर होतं. अन् धूरबी नव्हता. मोबाइलवर पाह्यलं मी."

तो फोटो सगळ्यांकडेच आला होता आणि सगळ्यांनीच पुढे पाठवला होता. तुमच्याकडेही आला असेल. धागा त्यात अगदी स्वच्छ दिसतो. फक्त पुढे पाठवायला बोट टेकवतो ना आपण, ते नेमके त्याच्यावर येते.