फ्री साइजचं चिलखत

आमच्या गल्लीत चिलखत घालून दूध आणायला जाणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे व्यंकटराव. अंगात सोनेरी प्लास्टिकचं चिलखत, खाली पट्ट्यांचा पायजमा, पायात स्लीपर आणि हातात किटली. पहिल्या दिवशी कुत्री भुंकली. दुसऱ्या दिवशी पोरं मागे लागली. तिसऱ्या दिवशी दूधवाल्यानं "सरकार, एक लिटर का दीड?" असं विचारून घेतलं. चौथ्या दिवसापासून कुणी मान वर करून पाहीना. ज्या लातूरच्या माणसाच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्याला चिलखताकडे बघायला फुरसत कुठली? टँकरच्या रांगेत ते चिलखतासकट उभे राहिले तेव्हासुद्धा तक्रार एवढीच झाली, की ह्यांचे खांदे दोन माणसांची जागा खातात.

व्यंकटराव एका ज्युनियर कॉलेजात शिपाई आहेत आणि लग्नसराईत द्वारपाल. हल्ली आमच्याकडे लॉनवरच्या लग्नाला दारात दोन भालेवाले उभे नसले, तर पाहुण्यांना चुकीच्या ठिकाणी आल्यासारखं वाटतं. नवरदेव जीपमधून आला तरी आत शिरतो सम्राट होऊन. व्यंकटराव पुरे सहा फूट उंच. लग्नांना द्वारपाल पुरवणाऱ्या कंत्राटदारानं त्यांना एकदा भाजी बाजारात पाहिलं आणि तिथेच पक्कं केलं. त्यानं एक सेट दिला. छाती, पाठ, दोन खांदे, हातांचे आणि पिंढऱ्यांचे तुकडे, आणि गालांवर झडपा असलेला टोप. खोक्यावर लिहिलं होतं, फ्री साइज.

"फ्री साइज म्हंजे कुणाच्याच साइजचं न्हाई, सर," व्यंकटराव मला म्हणाले.

बाकीचे द्वारपाल तो सेट सुतळीनं बांधून उभे राहतात. घसरला की वर ओढतात. ह्या गृहस्थांना ते पटेना. ते चिलखत घालायचे, घरभर फिरायचे, खाली बसायचे, वाकायचे, नमस्कार करून बघायचे आणि जिथे टोचेल तिथे मार्करनं खूण करायचे. मग चिलखत काढून खुणेच्या दोन बोटं अलीकडे ब्लेडनं रेघ ओढायची, तेवढा तुकडा मोडायचा, पॉलिश पेपरनं कड घासायची आणि पुन्हा घालायचं. वाकडं बसलं तर वहिनींचा केस वाळवायचा ड्रायर लावून प्लास्टिक मऊ करायचं आणि तसंच गरम-गरम अंगावर दाबून धरायचं. त्या वेळी ते डोळे मिटून "हाय... हाय..." असं काही म्हणत, की शेजारी ऐकणाऱ्याला काळजी वाटावी.

एका सपाट्यात माप घेऊन का कापत नाही, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे नापास पोराकडे बघावं तसं बघितलं. "टेपला काय कळतंय? टेप उभ्या माणसाचं माप घेतंय. माणूस बसतंय, वाकतंय, जेवतंय. अंगाला इचारायचं, सर. अंग बराबर सांगतंय."

अंगाला इचारायचं, हा त्यांचा मंत्र. दुकानात चप्पल घेतानाही हेच, आणि डॉक्टरनं गोळी दिली तरी हेच.

त्यांच्या पत्नीचं, शांतावहिनींचं, ह्यावर वेगळं मत होतं. "तीस वर्सं संसार केला, माझ्या बोटाचं माप म्हाईत न्हाई ह्यास्नी. आता सोताच्या पोटाचं माप दिवसातून चारदा. श्वास घेऊन येगळं, सोडून येगळं."

मी ह्यात ओढला गेलो तो पाठीमुळे. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही. मी शेजारी, शाळामास्तर आणि संध्याकाळी रिकामा. एका रविवारी ते छाती-पाठ बांधूनच आमच्या दारात आले. त्यांची एक सवय आहे, कुठल्याही दारात शिरण्याआधी दोनदा खाकरतात. कॉलेजच्या पोरांना ते खाकरणं घंटेआधी कळतं. तर ते दोनदा खाकरले, आत आले आणि पाठ करून उभे राहिले. "सर, डावा खांदा बगा. खाली दिसतोय का?"

दिसत होता, चांगला दोन बोटं खाली. लहानपणापासून डाव्या खांद्यावर पाण्याच्या घागरी आणि कडब्याच्या पेंढ्या वाहिलेल्या.

"त्यो दिसायला नाही पाहिजे," ते म्हणाले. "येक येळ चिलखत दिसलं न्हाई तरी चालंल, पण त्यो खांदा नाही दिसला पाहिजे."

मी हसलो. ते हसले नाहीत. खुर्चीवर बसायला गेले, पाठीचा तुकडा मानेत घुसला म्हणून पुन्हा उभे राहिले आणि उभ्या-उभ्याच सगळं सांगून मोकळे झाले.

त्यांचा धाकटा भाऊ माधव देवणीजवळच्या गावात शेती करतो. माधवची मुलगी वैष्णवी अकरावी-बारावीला ह्यांच्याकडे होती. व्यंकटराव-वहिनींना मूलबाळ नाही. पोरीला माणसांची डॉक्टर करायची म्हणून माधवनं लातूरच्या क्लासला घातलं होतं. ती टेस्टच्या आदल्या दिवशी उलट्या करायची. केसांचे पुंजके गळायचे. दीड वर्ष व्यंकटरावांनी पाहिलं आणि एके दिवशी भावाला न विचारता तिचं नाव क्लासमधून काढून जनावरांच्या दवाखान्याच्या पदविकेला घातलं. तिला तेच हवं होतं. लहानपणी म्हणे ती वासरांना ताप आला की त्यांच्यापाशीच झोपायची. आज ती नोकरीला आहे, गायी-म्हशींची नाडी बघते, खुशीत आहे. माधवनं मात्र भर पंचात सांगून टाकलं, अण्णानं माझी पोर गोठ्यात घातली, आजपासून त्यानं माझ्या दारात यायचं नाही. पाच वर्षं झाली.

"आता तिचं लगीन हाय. औसा रोडच्या लॉनवर. तिनंच फोन केला, लई रडली. म्हणली, मोठेबाबा, तुम्ही येऊ नका. पप्पानं शपथ घेतलीय, अण्णा दिसला तर मांडव सोडून जातो म्हणून." व्यंकटरावांनी मानेत घुसलेला तुकडा खाली दाबला. "आन् त्या लॉनवर ड्युटी माझीच हाय, सर. मी मागून घेतली."

"आणि ओळखलं तर?"

"म्हणून तर खांदा. माधव मला रानात अर्ध्या कोसावरून ओळखतो, पाठमोरा. मला काय न्हाई पाहिजे. जेवण न्हाई, आहेर न्हाई. दारातून बगायचं फक्त."

त्यानंतर आमचा महिना कसा गेला, ते सांगवत नाही. डाव्या खांद्याच्या आतून त्यांनी फोमचे थर चढवले. दोन्ही खांदे पाठीमागून एकाच पट्ट्यानं आवळले, म्हणजे एक खाली जाऊ बघेल तर दुसरा त्याला वर ओढेल. पोट आत घेण्यासाठी कमरेची कड इतकी घासली, की ते बसले की प्लास्टिक कुरकुरायचं आणि उठले की ते स्वतः. रोज संध्याकाळी मी माधव व्हायचो. गच्चीवर त्यांच्यासमोरून पुढे-मागे चालायचो, थांबून तोंडाकडे टक लावून बघायचो, खेकसायचो. ते भाला धरून ताठ. चौथ्या-पाचव्या खेपेला हमखास दोनदा खाकरायचे.

"मेलात," मी म्हणायचो.

"मेलो," ते म्हणायचे. शेवटी तोंडात खडीसाखर धरायचं ठरलं.

मलाही झोप लागेना. एका बापानं पोरीच्या लग्नात मांडव सोडून जायचा, आणि त्याला कारण आमच्या गच्चीवरचा फोम! मी दोनदा म्हणालो, नका जाऊ. ते म्हणाले, "सर, तुमी फक्त पाठ बगा."

लग्न गोरज मुहूर्ताचं. मी पाचलाच जाऊन पोचलो, इस्त्रीचा शर्ट घालून, आमंत्रण नसताना. एका फेटेवाल्यानं विचारलं, "आपण कुणाकडून?" मी म्हणालो, "मुलीकडून." आयुष्यात इतक्या ठामपणे मी कधीच काही बोललो नव्हतो.

दारात व्यंकटराव उभे होते आणि खरंच सांगतो, मलाही ओळखू आले नाहीत. दुसरा द्वारपाल सुतळीनं बांधलेला आणि हे साच्यातून काढलेले. दोन्ही खांदे एका रेषेत, पोट गायब, गालांवर झडपा, ओठांवर चिकटवलेल्या मिशा. फक्त ऊन उतरलं नव्हतं. चिलखताच्या कडेनं घामाची धार लागली होती आणि फोम चिकटवलेलं सोल्युशन घामानं सुटतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सव्वापाचला माधवराव आले. ते कोण, हे मला सांगावं लागलं नाही. तोच चेहरा, अंगानं अर्धा, आणि भयंकर घाईत. ते दाराशी थांबले. द्वारपालांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ए, नीट हुबं ऱ्हावा. पाहुणे यायलेत," ते खेकसले आणि व्यंकटरावांच्या समोर येऊन टोपाकडे बघत राहिले. व्यंकटरावांच्या गालात खडीसाखर एका बाजूकडून दुसरीकडे गेली. "ह्यो भाला सरळ धर," माधवराव म्हणाले, स्वतःच्या हातानं भाला सरळ केला आणि आत गेले. पाच वर्षांत त्यांच्यात झालेलं बोलणं ते एवढंच.

मग वरात आली. गर्दीचा एक लोंढा व्यंकटरावांवर आदळला आणि मला त्यांच्या पाठीवर नको ते दिसलं. फोम निसटून खाली सरकत होता, डावा खांदा हळूहळू आपल्या जागेवर यायला लागला होता. मी धावलो. मोबाइल काढला, त्यांच्या गळ्यात हात टाकला आणि मोठ्यानं म्हणालो, "द्वारपाल, एक सेल्फी!" उजव्या हातानं फोटो आणि डाव्यानं त्यांच्या पाठीतला पट्टा जीव खाऊन दोन भोकं पुढे. त्या फोटोत मी हसतोय, असं घरच्यांना वाटतं.

"आवळा अजून," ते ओठ न हलवता म्हणाले.

"श्वास घेता येईल का?"

"नाही आला तर नाही."

वैष्णवी आली ती फुलांच्या चादरीखालून. भाले आडवे धरायचे, ती जवळ आली की बाजूला घ्यायचे. दुसऱ्याचा भाला हलला, व्यंकटरावांचा हलेना. फोटोवाला ओरडला तेव्हा कुठे हलला. पोर दोन हातांवरून गेली. आणि हा माणूस, जो एवढ्यासाठी महिनाभर प्लास्टिक घासत होता, त्यानं मान खाली घातली होती. तिनं डोळे बघितले तर ती रडेल, म्हणून. मला राग आला, खरंच राग आला, त्यांचाही आणि त्या माधवचाही.

मंगलाष्टकं सुरू झाली. एका बाईनं माझ्या हातात अक्षता ठेवल्या. द्वारपालांना कोण देतंय? मी दाराशीच उभा होतो. तिसरं कडवं संपलं तेव्हा मागून आवाज आला.

"सर, मला द्या की थोड्या."

मी वळलो. त्यांनी भाला कमानीला टेकवला होता आणि ओंजळ पुढे केली होती. मी अर्ध्या अक्षता त्यांच्या हातात ओतल्या. सावधान झालं, सगळ्यांचे हात वर गेले. व्यंकटरावांचा छातीपर्यंत गेला आणि तिथेच अडकला. त्यांनी पुन्हा जोर केला, तर अख्खी छातीच गळ्याशी आली. महिनाभर ते बसले होते, वाकले होते, नमस्कार केला होता, भाला धरला होता. अक्षता टाकायचा हात मात्र त्यांनी एकदाही उचलून पाहिला नव्हता. तशी वेळ आपल्यावर येईल, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

पुढचं सावधान. हात पुन्हा छातीशी. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यानं मी आजही अस्वस्थ होतो.

"सोडा पट्टा," ते म्हणाले.

"अहो, माधवराव समोर—"

"सोडा, सर."

माझ्या बोटांना ते जमेना, इतका मीच आवळला होता. शेवटी त्यांनी डाव्या हातानं खांद्याचा तुकडा धरून हिसडा दिला. पट्टा तुटला, फोम, खांदा, पाठ, सगळं धडाधडा खाली आलं. टोपही गेला. आणि त्या दारात घामानं चिंब बनियनमधले, डावा खांदा दोन बोटं खाली असलेले व्यंकटराव हात उंच करून उभे राहिले. शेवटच्या सावधानला त्यांनी अक्षता टाकल्या. त्या पुढच्या गालिच्यावर पडल्या. मंडप तिथून शंभर पावलं लांब होता.

आवाजानं मागच्या चार माणसांनी वळून पाहिलं. आणि समोर स्टेजवरून, मुलीच्या मागे उभ्या असलेल्या माधवरावांनी पाहिलं. त्यांचा अक्षतांचा हात तसाच वर राहिला. वाजंत्री सुरू झाली, अंतरपाट खाली आला, हार पडले. माधवराव दाराकडेच बघत होते. मग त्यांनी हातातल्या अक्षता सावकाश लेकीच्या डोक्यावर सोडल्या आणि तिच्याकडे तोंड करून तिथेच उभे राहिले.

आम्ही तुकडे गोळा केले आणि माझ्या स्कूटरवरून परत निघालो. अर्ध्या वाटेत ते मागून म्हणाले, "बगितलं ना त्यानं?"

"बघितलं."

"मांडव सोडला न्हाई."

"नाही सोडला."

गल्लीत पोचेपर्यंत त्यांनी हे आणखी तीनदा विचारलं आणि मी तीनदा सांगितलं.

वहिनी दारातच बसल्या होत्या. आम्ही मोडकं चिलखत आत ठेवलं. व्यंकटरावांनी त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे एवढंच, की माधवनं मला बघितलं आणि मांडव सोडला न्हाई. वहिनींनी तुटलेला पट्टा उचलून बाजूला ठेवला. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मग मीबी आले असते की वो."