नस सख्खी की चुलत?

मयताच्या घरात तेरवीपर्यंत कोणतेही नवे काम सुरू करायचे नसते. या नियमाची दाढदुखीला कल्पना नसते. वडील गेले त्याच आठवड्यात माझी दाढ ठणकू लागली.

"नस मारून घे माय," आत्या म्हणाली. आमच्या अमडापुरात रूट कॅनालला हेच म्हणतात. पण 'मारून' शब्द ऐकताच धाकटे काका, किसनराव, यांना पेच जाणवला.

"एक सुतक फिटलं नाही अन् दुसरं काऊन लावता?"

"दाताच्या नसेचं कुठी सुतक असते रे किसना?"

"काऊन नाही? पोरीच्या रक्ताची हाय. सख्खीच झाली नं!"

यावर सविस्तर चर्चा झाली. नस सख्खी धरावी की चुलत. दात दुधाचा असता तर सुतक कमी लागले असते काय. आणि नस विवाहित स्त्रीच्या तोंडात असल्याने सुतक माहेरी की सासरी. शेवटचा मुद्दा सासऱ्यांना फोनवर विचारण्यात आला. दाढ लग्नाआधीची असल्याने जबाबदारी माहेरची, असे त्यांनी कळवले.

चिखलीच्या डॉक्टर मनालींनी दाढेला गारेगार बोळा लावला. मी ओरडले.

"छान. नस जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "मारायची गरज नाही. सुजलेला भाग तेवढा काढते, वर औषधी सिमेंट भरते. खालची नस सावरते आपोआप. गार पाण्याने बारीक कळ येऊन लगेच गेली, की सावरली समजा. नाहीच सावरली, तर रूट कॅनाल."

(आपोआप सावरण्याविषयी त्या आठवड्यात मला बऱ्याच जणांनी सांगितले होते. ते नसेबद्दल नव्हते.)

बसायला येणाऱ्यांची यामुळे मोठी सोय झाली. मेलेल्या माणसाबद्दल काय बोलावे हे सुचत नाही. जिवंत नसेबद्दल सर्वांना सुचते. शेजारचे हिंमतराव पायरीवरूनच विचारत, "काय म्हणते नस?" सुतकात देवळात जाता येत नाही, म्हणून छायावहिनींनी मैत्रिणीकरवी नारळ फोडवला. आलेल्यांपैकी नव्वद टक्के लोकांनी दाढेची चौकशी केली. उरलेल्यांनी माझे तोंड उघडून ती पाहिली.

तेरवीच्या पंगतीत, सर्वांच्या देखत, मी माठातले पाणी प्यायले. बारीक कळ आली आणि लगेच गेली. डॉक्टरांनी सांगितली होती तशीच.

"वाचली!" काका ओरडले. पंगतभर आनंद पसरला. बुंदीचा आग्रह वाढला. काहींनी माझे अभिनंदन केले.

तुम्हालाही हायसे वाटले असेल.

वडिलांचे नाव इंद्रभान होते. तुम्ही विचारले नाही, म्हणून सांगायचे राहिले.