बहात्तर वर्षांची साठलेली सुट्टी

मिरजेकडच्या एका रुग्णालयात, वॉर्ड क्रमांक चारमधल्या म्हाताऱ्याच्या हृदयानं बुधवारी सकाळी साप्ताहिक सुट्टीसाठी अर्ज केला. बहात्तर वर्षांत एकही सुट्टी मिळाली नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

म्हाताऱ्याची बायको आक्काताई खाटेशेजारी बसून होत्या. पोटी मूलबाळ नाही. एकावन्न वर्षं दोघंच एकमेकांना.

दुपारी कामगार निरीक्षक उपळेकर आले. माणूस भला, पण कायद्यापुढे कुणाचं ऐकणारा नव्हे. आवारात राबतो तो कामगार, नियम भिंतीवर लावता आणि पाळत नाही, असं त्यांनी आधी रुग्णालयालाच झापलं. मग स्टेथोस्कोप कानाला लावून हृदयाचा जबाब घेतला.

"काय म्हनतंय?" आक्काताईंनी विचारलं.

"थकलंय म्हणतं. तुमच्याविषयी तक्रार नाही, हेही लिहून घ्यायला लावलं."

साठलेली सुट्टी दहा वर्षं तीन महिने भरली. ती सलग द्यायची होती. फक्त ज्याचं हृदय, त्याचं नाव जवळच्या नातेवाइकानं मोठ्यानं घेऊन ओळख पटवायची होती.

आक्काताईंनी तोंड मिटून घेतलं. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. रेशनच्या दुकानात, बँकेत, अगदी इथल्या खिडकीवरसुद्धा कार्डावर बोट ठेवून भागवलं होतं.

"आमच्यात नाव घेत न्हाईत, सायेब," त्या म्हणाल्या. जन्मभर पाळलेली रीत आज देवासारखी धावून आली.

नावाशिवाय आदेश निघेना. उपळेकर रोज येत, खुर्ची ओढून बसत, पाच वाजता उठून जात. हृदय चालत होतं, पण लंगडत, मधेच बसत, पुन्हा उठत. आक्काताई छातीवर हात ठेवून ऐकत राहायच्या. पाचव्या दिवशी ते इतकं दमलं, की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आपल्याला एकटं राहायचं नाही म्हणून आपण याला राबवतोय, हे त्यांना लख्ख दिसलं.

"शिदगोंडा," त्या म्हणाल्या. मग कानाशी वाकून पुन्हा, "शिदगोंडा. जावा आता. इसावा घ्या."

हृदय सुट्टीवर गेलं. उपळेकरांनी आदेशावर शिक्का मारला.

"सुट्टी सपल्यावर हितंच हजर हुनार न्हवं?"

"नियमानं इथंच."

"मग माझ्या काळजालाबी सुट्टी द्या, सायेब. त्येनंबी एक दीस घेतली न्हाई. दोघं संगट जाऊ द्यात."

उपळेकरांनी कायद्याचं पुस्तक काढून तेच पान दोनदा वाचलं.

"बाई, तुमचं हृदय इथलं नाही. ते घरी काम करतं. घरकामाला हा कायदा लागू नाही."

आक्काताईंनी जेवणाचा डबा उचलला आणि त्या घरी गेल्या. त्यांचं हृदय कामावर होतं.