सरड्याच्या जेवणाला आवक क्रमांक

देवाजी मेश्राम पंचायत समितीत आवक-जावक लिपिक होते. देवाजी म्हणजे मीच. पण आपली फजिती 'मी, मी' करत सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून देवाजीच म्हणू. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन वर्ष झालं होतं. धान गर्भावर होता, लोंबी अजून बाहेर पडायची होती. धानोऱ्याकडून आलेली बांबूची गाडी कचेरीच्या आवारात थांबली आणि तिच्यातून एक हिरवागार सरडा खाली पडला. साधा नव्हे, रंग बदलणारा. दोन डोळे दोन दिशांना फिरवत तो जमिनीवर झुलत उभा राहिला, आणि शिपाई दगड शोधू लागले.

देवाजी विहार समितीचे चिटणीस. दर पौर्णिमेला लोकांकडून पंचशील म्हणवून घेणारे. ते मध्ये पडले आणि प्राणिमात्रांवरच्या दयेवर दहा मिनिटं बोलले. भाषण फार चांगलं झालं. इतकं चांगलं की शेवटी कोणीतरी विचारलं, "मंग भाऊ, घरी नेता का याले?"

चारचौघांत नाही कसं म्हणणार? "नेतो," देवाजी म्हणाले. बोलायची सवय वाईट, तेवढ्यावर थांबवेना. "अन् हा माझ्याजवळ जगन. नाई जगला तं विहारात पुन्हा तोंड उघडणार नाई."

घरी रुखमाबाईंनी सरड्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "काय जी हे? घरात माणसं कमी पडून राह्यली काय?"

देवाजींनी घरातली एकुलती एक मच्छरदाणी अंगणात बांधली, आत करंजीची फांदी रोवली आणि सरड्याला बसवलं. समोर एका वाटीत दूधभात, दुसरीत पाणी. त्या रात्रीपासून मच्छरदाणी सरड्याला आणि मच्छर देवाजींना, अशी वाटणी झाली. सरड्याने मात्र भाताकडे पाहिलंसुद्धा नाही. देवाजींनी त्याला हातात घेऊन गोंजारलं, तेव्हा तो काळा पडला. ते त्यांना लाजणं वाटलं. त्यांनी आणखी गोंजारलं.

तिसऱ्या दिवशी तो काळाच राहिला आणि डोळे मिटून बसला. देवाजींचं जेवण उतरेना. शेवटी शेजारचे डोमाभाऊ जाळं खांद्यावर टाकून बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर चालले होते, त्यांना देवाजींनी अंगणात बोलावलं. डोमाभाऊंचा जन्म मासोळ्या धरण्यात गेला होता, पण पाण्याबाहेरच्या जिवांचीही त्यांना माहिती होती.

"भाऊ, मारता काय याले?" डोमाभाऊ म्हणाले. "हा वाटीतलं पाणी पीत नाई. पानावर शिंपडा, थेंब चाटते तो. सकाळचं ऊन दाखवा. अन् हात नका लावू, हात लावला का भेते, म्हून काळा पडते."

"अन् खाते काय?"

"टोळ. जित्ते."

जिवंत टोळ म्हणजे नाकतोडे पकडायचे आणि सरड्याच्या तोंडी द्यायचे! रुखमाबाईंनी सुपात तांदूळ पाखडता पाखडता विचारलं, "मंग जीव न मारायचं पहिलं शील कोणाचं मोडन जी? तुमचं का सरड्याचं?"

देवाजींनी दोन तास विचार केला आणि आपण फक्त पकडायचं, पुढचं सरडा आणि टोळ पाहतील, असा मार्ग काढला. विचारी माणसाला मार्ग सापडतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काचेची बरणी आणि वही घेऊन गावातले शेतकरी सोमाजी यांच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, धुऱ्यावर गेले. वहीत सरड्याचा रंग आणि आहार लिहायचा होता. लिपिकाला वहीशिवाय दया करता येत नाही. धोतर खोचून ते एका नाकतोड्यामागे पळत असताना सोमाजी समोर उभे राहिले.

"काय करून राह्यले भाऊ?"

सरड्यासाठी भाजी गोळा करतो आहे, असं सांगायला हवं होतं. पण पन्नाशीचा सरकारी माणूस, चिखलाने माखलेला, कसं सांगणार? "नमुना घेऊन राह्यलो," देवाजी म्हणाले.

"कायचा?"

"टोळाचा."

सोमाजींनी बरणीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि घाईघाईने गावाकडे निघाले. देवाजींना वाटलं, सुटलो.

सरड्याने पहिला नाकतोडा खाल्ला तेव्हा देवाजी पडवीतून चोरून पाहत होते. जीभ केव्हा बाहेर आली आणि केव्हा आत गेली, कळलंच नाही. फांदीवर पाणी शिंपडलं, तेही तो प्यायला. दुपारपर्यंत पुन्हा हिरवा झाला. देवाजींनी वहीत लिहिलं, 'प्रकृती समाधानकारक', आणि त्यांना खरंच फार आनंद झाला.

पण सोमाजींनी गावात सांगितलं होतं की टोळधाड येणार आहे, पंचायत समितीचा माणूस नमुने घेतो आहे, ज्यांचा नमुना जाईल त्यांना आधी टोळ मारायची पावडर मिळेल. तीन दिवसांत नऊ शेतकरी एकेक टोळ घातलेल्या नऊ बाटल्या घेऊन कचेरीत आले. इथे देवाजींच्या मनात लोभ शिरला. धुऱ्यावर पळायचं नाही, चिखल नाही, सरड्याचं जेवण टेबलावर चालून येत होतं. त्यांनी बाटल्या ठेवून घेतल्या. आणि वीस वर्षांच्या सवयीने, टेबलावर आलेल्या प्रत्येक वस्तूला देतात तसा, प्रत्येक बाटलीला आवक क्रमांक दिला.

आवक क्रमांक मिळालेली गोष्ट कचेरीत थांबत नाही. ती साहेबांपुढे जाते. साहेबांनी रजिस्टरात ओळीने नऊ वेळा 'टोळ' वाचलं आणि त्याच दिवशी जिल्ह्याला तार केली. सोमवारी कृषी अधिकारी जीपमधून पावडरीची पोती घेऊन हजर झाले. आवारात अर्धं गाव जमलं.

देवाजींना आधी फक्त नोकरीची भीती वाटली. मग गर्दीतून डोमाभाऊ जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, पावडर मारली का टोळ जहरी होते. तसला टोळ खाल्ला तं तुमचा सरडा गेला. मागच्या साली आमच्या बोडीतल्या मासोळ्या अशाच उलट्या पडल्या."

गप्प राहिलं तर सरडा जाणार होता, बोललं तर अब्रू. त्यांनी क्षणभर अब्रूचा विचार केला, आणि तिच्यात फारसं काही उरलेलं नाही हे लक्षात येताच पुढे झाले.

"साहेब, टोळधाड नाई. मी माझ्या सरड्यासाठी नाकतोडे जमा करत होतो."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "कोणासाठी?"

"साहेब, भाऊ खोटं बोलून राह्यले," सोमाजी म्हणाले. "पावडर वापस धाडायची हाये म्हून. एवढा शिकला माणूस सरड्यापायी चिखलात कायले पळन?"

देवाजी घरी गेले आणि मच्छरदाणीसकट फांदी आणि फांदीसकट सरडा घेऊन आले. आवारात टेबल आणवून त्यावर फांदी उभी केली. गर्दी पाहून सरडा काळा पडला होता. एक बाटली आत उघडली. नाकतोडा पानावर बसला. सरडा हलेना.

"सगळे मागे सरका," देवाजी हात जोडून म्हणाले. "बोलू नका. तो भेते."

साहेब, शिपाई, शेतकरी, सगळे मागे सरले. पाच मिनिटं तिथे कोणी खोकलंसुद्धा नाही. मग सरड्याचा एक डोळा फिरला, दुसरा फिरला, आणि जीभ वीतभर बाहेर येऊन नाकतोड्यासकट परत गेली.

"बाप्पा," सोमाजी म्हणाले.

"आणखी एक सोडा," अधिकारी म्हणाले. सोमाजींनी आपली बाटली स्वतः पुढे केली. मग ज्याला त्याला आपला टोळ खाल्लेला पाहायचा होता. सात खाल्ले, दोन उडाले. बाटल्या रिकाम्या झाल्यावर अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं की तपासायला नमुनाच उरला नाही. त्यांनी थोडा विचार करून अहवाल लिहिला: टोळधाड आढळली नाही; स्थानिक पातळीवर सरड्यामार्फत नियंत्रण सुरू आहे; पावडरीची गरज नाही.

जीपमध्ये बसताना ते देवाजींना म्हणाले, "जीव वाचवलात त्याचा. आता झाडावर सोडा. मच्छरदाणीत आयुष्य काढणार का तो?"

दुसऱ्या दिवशी देवाजींनी त्याला घरामागच्या करंजीवर सोडलं. एकेक पाय तोलत तो वर गेला आणि पानांत मिसळला. मागे वळून पाहिलं नाही. एका डोळ्याने मागचं दिसत असतानाही पाहिलं नाही. देवाजींना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. रुखमाबाई तांब्यातलं पाणी खालच्या पानांवर शिंपडून घरात गेल्या.

पंधरा दिवसांनी जिल्ह्याचं पत्र आलं. टोळ नियंत्रणासाठी कार्यरत सरड्याची सद्यस्थिती उलट टपाली कळवावी. देवाजींनी उत्तराला कागद घेतला. 'सोडून दिला' लिहिलं आणि खोडलं. 'निघून गेला' लिहिलं, तेही खोडलं. मग त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सदर सरडा दीर्घ रजेवर असून, रुजू होताच कळविण्यात येईल.'